पक्का काटा, खरा काटा

धामणवाडी, सोनाळ्याजवळ
२ जुलै २०२४

मामा, सविनय जय भीम.

फोन केला की तुम्ही नुसते "हो, हो" म्हणता आणि मागून मामी ओरडते, "त्याइले कायबी आयकू गेलं नाई वं!" चाळीस वर्षं तेलगिरणीच्या भिंतीला पाठ लावून वजनकाटे दुरुस्त केलेत, त्याचं हे बक्षीस. मेसेजची अक्षरं तुम्हाला दिसत नाहीत. आणि माझ्या फोनात ऑफिसचं ॲप बसल्यापासून त्यावर मनातलं काही लिहायची मलाच धास्ती वाटते. म्हणून कागद घेऊन बसले.

तुमची भाची सध्या गावात फार मोठी झाली आहे. मे महिन्यात आमच्या अंगणवाडीला तान्ह्या लेकरांचं वजन करायची इलेक्ट्रिक मशीन आली. तेव्हापासून वाडीतली अठ्ठावीसच्या अठ्ठावीस लेकरं तक्त्यावर हिरव्या पट्ट्यात, म्हणजे वजनाने ठीक आहेत. मागच्या वर्षी सात पिवळी होती आणि दोन लाल. पर्यवेक्षिका मॅडम स्वतः आल्या, सरपंच पंजाबरावांनी शाल दिली, भिंतीवर प्रमाणपत्र लागलं. पर्यवेक्षिकेच्या पदासाठी माझं नाव गेलं आहे. १८ ऑगस्टला बुलढाण्याला परीक्षा. सोळा वर्षं खिचडी शिजवली, आता खुर्ची मिळेल असं दिसतं.

परीक्षेसाठीच एक विचारायचं आहे. मशीन आली तेव्हा एक फॉर्म भरून घेतला होता. त्यात दोन इंग्रजी शब्द होते, ॲक्युरसी आणि प्रिसिजन. खाली मराठीत एकीकडे लिहिलंय "अचूकता" आणि दुसरीकडे "अचूकपणा". आता यात फरक काय करायचा? दोन सुना आणि एकच लुगडं. मी दोन्हीकडे "होय" लिहिलं आणि सही केली. तुम्ही परवान्याच्या प्रशिक्षणात हे शिकलात ना? नीट समजावून सांगा.

आणि एक. काटा दर वेळी तोच आकडा दाखवत असेल, तर तो चुकीचा असू शकतो का? परीक्षेत येऊ शकतं, म्हणून विचारते.

तुमची,
महामाया

*

खामगाव
९ जुलै २०२४

चि. महामायाला मामाचे आशीर्वाद, जय भीम.

पत्र वाचून दाखवायला मामीला बसवलं नाही, चष्मा लावून स्वतःच वाचलं. परीक्षेचं कळल्यावर मात्र तिला सांगितलं. तिने शेजारच्या चार घरी साखर वाटली. आता नापास झालीस तर खामगावात पाय ठेवू नकोस.

तुझा प्रश्न सोपा आहे. त्र्याऐंशी साली आमच्या साहेबांनी हेच दोन शब्द फळ्यावर लिहिले होते. आम्ही पोरांनी दुकानात आपले शब्द पाडून घेतले. ॲक्युरसी म्हणजे काटा खरा. प्रिसिजन म्हणजे काटा पक्का.

समोरच्या गिरणीचा भोंगा ध्यानात आण. मला ऐकू यायचं तेव्हा तो रोज सात मिनिटं उशिरा वाजायचा. पावसाळा असो, उन्हाळा असो, सात म्हणजे सात. तो भोंगा पक्का होता, खरा नव्हता. आता तुझ्या मामीचं मीठ घे. आज भाजी खारट, उद्या अळणी. महिनाभराचं एकत्र केलं तर मीठ अगदी बरोबर भरतं. ती खरी आहे, पण पक्की नाही. (हे तिला कळवू नकोस.)

तर तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो. काटा दहादा तोच आकडा दाखवेल आणि दहादा खोटा असेल. हाच काटा सगळ्यात वाईट. डुगडुगणाऱ्या काट्यावर गिऱ्हाईक लगेच संशय घेतं. पक्क्या काट्यावर कोणी घेत नाही, कारण तो फार आत्मविश्वासाने बोलतो. त्याला पकडायचा एकच उपाय आहे, शिक्क्याचं माप. बाहेरून खरं वजन आणायचं आणि त्याच्या डोक्यावर ठेवायचं. काट्याने काट्याला विचारून काही कळत नाही.

परीक्षेत एवढं लिहिलंस तरी पैकीच्या पैकी.

मात्र एक दुकानदारी शंका. फॉर्म भरताना तू तपासणीला कोणतं माप ठेवलं होतंस?

तुझा मामा,
पुंजाजी

*

धामणवाडी
२१ जुलै २०२४

मामा, जय भीम.

तुमचं पत्र दहा दिवस ट्रंकेत ठेवलं. त्यातली शेवटची ओळ वाचली आणि पुढे हात चालेना.

मी माप ठेवलंच नव्हतं. पाण्याची कळशी तीनदा ठेवली. तीनही वेळा चार किलो आठशे साठ आले. मला वाटलं, झालं, अचूक! दोन्हीकडे होय.

परीक्षेसाठी विचारते म्हटलं ते खोटं होतं. आमच्या वाडीत प्राची नावाची पोरगी आहे, मलकापूरकडची, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली. तिची प्रेरणा आता आठ महिन्यांची. मशीन सांगते सहा किलो चारशे, हिरवी. पण तिच्या मांडीची कातडी सैल लोंबते, मामा. मी दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी लावली तर ती लालच्या काठावर. मॅडमला दाखवलं तर म्हणाल्या, "पट्टी हातानं ओढली जाते. मशीन कोणी ओढत नाही."

तुमचं वाचून धान्य दुकानातल्या दयारामकडून पाच किलोचं शिक्क्याचं लोखंडी माप मागून आणलं. दार लावून मशीनवर ठेवलं. पाच किलो सातशे पन्नास. मी उचललं, पुन्हा ठेवलं. पाच सातशे पन्नास. अगदी पक्की. एक किलोचं ठेवलं तर एक किलो दीडशे. रिकामी असली की मात्र शून्य दाखवते, म्हणून कोणालाच शंका येत नाही.

म्हणजे प्रेरणा साडेपाच किलोची आहे. ती लाल आहे. आणखी आठ-नऊ लेकरं हिरवी नाहीत, त्यांना मी तीन महिने हिरवी लिहिते आहे.

मी मॅडमकडे गेले. त्या चिडल्या नाहीत, चहा पाजला. मग फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवला. "महामाया, ही सही तुझीच ना? ॲक्युरसी, होय. तूच तपासली, तूच लिहिलंस. अशाच एकोणीस मशीन आपल्या बीटात, माझ्याकडच्या एकोणीस गावांत आहेत, बाकी कोणाची तक्रार नाही. तुला तक्रार करायची असेल तर पहिली तक्रार तुझ्याच विरुद्ध होईल. परीक्षेआधी तुझ्या वर्तणुकीचा दाखला मलाच द्यायचा आहे." इतकं गोड बोलल्या की मी उठताना त्यांचे आभार मानले. घरी आल्यावर स्वतःचीच शिसारी आली.

प्राचीच्या सासूला, गीताबाईंना, म्हटलं पोरीला खामगावला मोठ्या दवाखान्यात दाखवा. त्या म्हणाल्या, "काऊन? मशीनीनं हिरवं दाखोलं ना? तुह्यावर नसंल, पन मशीनीवर माहा इस्वास हाय."

मीच बांधलेल्या खोलीत मी कोंडली गेले आहे. दार कुठे आहे तेवढं सांगा.

महामाया

*

खामगाव
२५ जुलै २०२४

चि. महामाया,

घाबरू नकोस. मशीन टॉवेलात बांधून सोनाळ्याहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे दे. गोकुळ नाव आहे त्याचं, माझ्या ओळखीचा आहे. मी स्टँडवर उतरवून घेतो. अशा मशीनच्या पोटात बटण असतं, ते कसं दाबायचं मला ठाऊक आहे. परवाना संपून सहा वर्षं झाली, पण बोटं विसरलेली नाहीत.

मात्र एकदम खरी करू नये. एकदम खरी केलीस तर एका महिन्यात अठ्ठावीस लेकरं किलोकिलोने उतरतील आणि सगळे तुझ्याकडे बोट दाखवतील. किलोमागे दीडशे जास्त आहेत ना? ऑगस्टच्या वजनाआधी पन्नास काढू, पुढच्या महिन्यात पन्नास, त्याच्या पुढच्यात पन्नास. पावसाळ्यात लेकरं आजारी पडतातच, वजन थोडं घटलं असं वाटेल. ऑक्टोबरात मशीन खरी होईल, तुझी परीक्षा होऊन गेलेली असेल आणि सहीकडे कोणी पाहणार नाही.

हे मला कसं सुचलं असं वाटेल तुला. कापसाच्या मोठमोठ्या व्यापाऱ्यांचे काटे मी असेच टप्प्याटप्प्याने खरे केले आहेत. निरीक्षक यायच्या आधी दोन-तीन महिने निरोप यायचा, "पुंजाजी, जरा हळूहळू खरं कर." मी करायचो. तुझ्या आजोबांना हे कधी कळू दिलं नाही. तुला सांगतो आहे, कारण तू अडकली आहेस.

मामा

*

धामणवाडी
७ ऑगस्ट २०२४

मामा,

मशीन मिळाली. पाच किलोचं माप ठेवलं, साडेपाच दाखवलं. तुमची बोटं खरंच विसरलेली नाहीत. मला हायसं वाटलं, हे कबूल करते. दोन दिवस झोप लागली.

परवा पाच तारखेला वजनाचा दिवस होता. सगळी लेकरं थोडी थोडी उतरली. आया म्हणाल्या, सर्दी-खोकल्याचे दिवस आहेत. तुम्ही सांगितलं तसंच झालं. मग प्राची आली, सोबत गीताबाई.

प्रेरणा सहा किलो एकशे साठ.

मामा, हिशेब करून पाहा. खरं तर ती तीस-पस्तीस ग्रॅम वाढली होती. पण तक्त्यावर ती पाव किलो घटली आणि पिवळ्यात आली. आणि मधले पंधरा दिवस प्राची माहेरी होती. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

गीताबाई तिथेच, सगळ्या बायांसमोर म्हणाल्या, "इथं व्हती तवा हिरवी व्हती. मायच्या घरी नेली आन वाळवून आणली. तुह्या दुधात दमच नाई वं." प्राची माझ्याकडे पाहत होती. नुसती पाहत होती, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी वहीत आकडा लिहिला आणि पुढच्या लेकराचं नाव पुकारलं.

आता तिला घराबाहेर पडू देत नाहीत. माहेरचा फोन घेऊ देत नाहीत. पोरगी सासूने स्वतःकडे घेतली आहे आणि गाईच्या दुधात पाणी घालून पाजते आहे. मी काल गेले तर ओसरीवरूनच परत पाठवलं. आतून लेकराचं रडणं ऐकू येत होतं.

मी अडकले होते म्हणून तुम्ही सोडवायला आलात. आता माझ्या जागी ती आत आहे.

महामाया

*

खामगाव
१२ ऑगस्ट २०२४

चि. महामाया,

तुझं पत्र मिळालं. चूक माझी आहे. व्यापाऱ्यांच्या काट्यावर कापूस असायचा. कापसाला सासू नसते, हे मी विसरलो.

तरी हात जोडून सांगतो, रविवारी तुझी परीक्षा आहे. सहा दिवस कळ काढ. सोमवारी मी स्वतः येतो आणि त्या बाईशी बोलतो. सोळा वर्षांची मेहनत सहा दिवसांसाठी घालवू नकोस.

मामा

*

धामणवाडी
२० ऑगस्ट २०२४

मामा, जय भीम.

रविवारी मी परीक्षेला गेले नाही. तुम्हाला कळलं असेलच, धम्मरत्नने मामीला फोन करून सांगितलं, आणि सोमवारी तुम्ही येऊ नका असंही. नवराच तो, त्याला वाटतं मी वेडी झाले. त्याचं बरोबर असेल.

सकाळी साडी नेसून, हॉलतिकीट पर्समध्ये टाकून स्टँडकडे निघाले होते. वाटेत गीताबाईंचं घर लागतं. ओसरीवर खाटेवर प्रेरणा पडली होती. माशा बसत होत्या आणि ती हात हलवत नव्हती. रडतही नव्हती. मागून येणारी बुलढाण्याची एसटी मी जाऊ दिली.

अंगणवाडीतून मशीन काढली, दयारामकडून माप घेतलं, दोन्ही काखेत मारून त्यांच्या ओसरीवर नेऊन ठेवलं. शेजारच्या चार-पाच बाया जमल्या. मी माप मशीनवर ठेवलं आणि गीताबाईंना म्हटलं, वाचा. मापावर काय लिहिलंय आणि मशीन काय सांगते.

"पाच. आन हे साडेपाच. म्हंजे?"

"म्हणजे मशीन खोटी आहे, काकू. मागच्या महिन्यात याहून खोटी होती. मी मधे तिला थोडी खरी करून आणली आणि कोणाला सांगितलं नाही. त्यामुळे तुमची नात घटल्यासारखी दिसली. ती माहेरी घटली नव्हती. प्राचीने काही केलेलं नाही."

त्यांनी माप स्वतः उचलून पुन्हा मशीनवर ठेवलं. "मंग पयले हिरवी व्हती ते?"

"तेही खोटं. ती कधीच हिरवी नव्हती. आणि ते मी लिहिलं होतं."

मामा, मला वाटलं होतं त्या मला मारतील. त्यांनी खाटेवरच्या माशा पदराने हाकलल्या आणि म्हणाल्या, "म्या पानी घालून पाजलं वं माय तिले." मग आत जाऊन त्यांनी कडी काढली. प्राची बाहेर आली, लेकरू उचललं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "गाडी कवा हाय?"

खामगावच्या सरकारी दवाखान्यात पोचवून संध्याकाळी मी परत आले. तिथल्या काट्यावर पाच किलो तीनशे भरली. आधी कमी होतीच, या तेरा दिवसांत खरोखर घटली. जाताना गाडीत प्राची लेकरू पदराखाली घेऊन माझ्याकडे पाठ करून बसली होती.

काल मॅडमचं पत्र आलं. खोटी तपासणी प्रमाणित केली, सरकारी यंत्रात परस्पर फेरफार केला, खुलासा द्या. चौकशी होईपर्यंत गाव सोडायचं नाही. मी खुलासा लिहिला. अचूकता आणि अचूकपणा हे दोन वेगळे शब्द आहेत हे मला माहीत नव्हतं, हे लिहिलं. माहीत झाल्यावरही मी एक महिना गप्प राहिले, हेही लिहिलं. मशीन कोणी उघडली ते मात्र लिहिलं नाही. त्या विचारत आहेत, पण मी सांगणार नाही.

बाकीच्या अठरा गावांतल्या अंगणवाडीच्या ताया मला फोन करून शिव्या घालतात, आता त्यांच्याही सह्यांवर बोट येईल म्हणून. दोघींनी मात्र हळूच विचारलं, शिक्क्याचं माप कुठे मिळतं.

प्रेरणाकडे जाऊन या. मला जाता येत नाही.

महामाया

*

खामगाव
२९ ऑगस्ट २०२४

चि. महामायाला अनेक आशीर्वाद.

पहिलं काम मी केलं. तुझ्या ऑफिसला रजिस्टर पत्र टाकलं, की मशीन मी उघडली, सल्ला माझाच होता, परवाना संपलेला होता. माझं नाव लपवायचं कारण नाही. बासष्ट वर्षांच्या बहिऱ्या माणसाला ते काय करणार?

दवाखान्यात रोज सकाळी जातो. मामी भाकरी बांधून देते. पहिले तीन दिवस लेकरू नळीवर होतं आणि डॉक्टरीणबाई काही सांगत नव्हत्या, निदान मला ऐकू येईल असं काही सांगत नव्हत्या. चौथ्या दिवशी नळी काढली. आता आईच्या अंगावर पितं. गीताबाई वॉर्डाच्या दाराशी बसून असतात, आत येत नाहीत. प्राचीने बोलावलेलं नाही.

मी तिला सांगितलं की तुला गाव सोडायची मनाई आहे, नाहीतर तू आली असतीस. तिने मान हलवली. मला ऐकू येत नाही हे तिला ठाऊक आहे, म्हणून गोळ्यांच्या पाकिटावर काहीतरी लिहून हातात दिलं. मला वाटलं माझ्यासाठी आहे. वाचलं तर तुझ्यासाठी होतं. तसंच्या तसं सोबत जोडलं आहे.

मामा

*

ताई,

तेरा दिवस मले घरात कोंडलं ते तुमच्यानं. मी तुमच्याकडं पाह्यलं होतं आन तुमी वहीत लिहून राह्यल्या होत्या. हे मी इसरनार नाई.

पोरगी पेऊन राह्यली. आज पाच किलो सहाशे म्हनतात इथले. खरं का खोटं मले काय मालूम.

मनाई उठली का या. पोरीले उचलून पाहा. या खेपेस खरं सांगा.

प्राची